बोट दरवाजाबाहेर

पेनिंग म्हणजे काय, हे आज मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. दोन दरवाजांच्या मध्ये बोट घ्यायची, पुढचा-मागचा असे दोन्ही दरवाजे बंद ठेवायचे आणि आतलं पाणी वर चढवायचं किंवा खाली उतरवायचं, म्हणजे पेनिंग. वार्पिंग म्हणजे बोट दोरांनी ओढत सरकवणं. बाहेरचं भरतीचं पाणी आणि आतलं पाणी एका उंचीला आलं की ती लेव्हल; तेवढा वेळ दोन्ही दरवाजे एकदम उघडे ठेवता येतात. सिल म्हणजे दरवाजाखालचा दगडी उंबरठा, त्याच्यावर पाणी किती त्यावर कुठली बोट आत येणार हे ठरतं. हे सगळं ज्ञान मी पन्नाशी उलटल्यावर मिळवलं आणि त्याचा मला काडीचा उपयोग झालेला नाही.

मी लोअर परळला एका विम्याच्या ऑफिसात काम करते. समुद्राशी माझा संबंध म्हणजे शुक्रवारचे बांगडे. बोटींशी खरा संबंध घरातल्या दोन पुरुषांचा. बाबा आयुष्यभर गोदीच्या दरवाजावर होते. भरतीच्या वेळी दरवाजे उघडायचे, दोर घ्यायचे, बोट आत आली की पुन्हा बंद करायचे, हे त्यांचं काम. धाकटा भाऊ बोटीवर गेला आणि शिकत शिकत चीफ ऑफिसर झाला, म्हणजे कप्तानाच्या खालोखालचा. आम्हा दोघांचीही लग्नं व्हायची राहून गेली. तो सुट्टीवर आला की आम्ही एकमेकांना त्यावरून चिडवायचो, आणि बाबा दोघांनाही शिव्या द्यायचे. आई गेल्यावर घरात एवढीच करमणूक उरली होती.

लालबागची आमची चाळ पाडून टॉवर झाला, त्यात आम्हाला वरच्या मजल्यावर जागा मिळाली. गॅलरीतून कॉटन ग्रीनच्या गोदामांपलीकडे पाण्याची पट्टी दिसते. बाबा तिथे खुर्ची टाकून बसतात. पाय गेलेत, नजर शाबूत आहे. पट्टीवरून काही सरकलं की सांगतात, बोट आत चालली, बोट बाहेर निघाली. गोदीतली सगळी माणसं असंच बोलतात. आज दोन बोटी आत घेतल्या, एक बाहेर काढली. त्या बोटींवर माणसंही असायची, पण ती बोलण्यात कधी यायची नाहीत. आई वैतागून विचारायची की त्यावर कुणी होतं, की ती आपली आपणच चालत आली? बाबा म्हणायचे, माणसं बोटीबरोबर असतातच, ती वेगळी कशाला सांगायची. आई कपाळाला हात लावायची आणि विषय संपायचा.

भाऊ शेवटचा गेला तो एका जुन्या मालवाहू बोटीवर. कंपनी लहान, बोट म्हातारी, पण त्याच्या वयात चांगली बोट मिळेपर्यंत थांबणं त्याला परवडणारं नव्हतं. उत्तरेकडच्या एका थंड देशात, समुद्रातून कालव्यात शिरणाऱ्या एका बंदराबाहेर ती बोट येऊन थांबली आणि थांबलीच. मालकाने फोन उचलणं बंद केलं. त्या बंदराची एक वेबसाइट आहे, तिच्यावर कुठली बोट आज कुठे हलली ते दिवसभर लिहीत असतात. बंदर शंभरेक वर्षांपूर्वीचं असावं, कारण शब्दही त्याच वयाचे. आमच्या बोटीपुढे रोज एकच ओळ असायची : अवेटिंग टर्न. मी वाचायचे, बाबा अर्थ सांगायचे. पाळी येईपर्यंत नांगर टाकून बाहेर उभी.

बाहेर उभी राहणं वाईट, असं बाबांचं म्हणणं होतं. तिथे हिवाळा सुरू झाला होता. भाऊ फोनवर सांगायचा की बोट रात्रंदिवस हलते, पिण्याचं पाणी मोजून वापरतात, डिझेल संपत आलंय. बाबा ऐकायचे आणि म्हणायचे, एकदा दरवाजाच्या आत घेतली की सुटलो. मला दरवाजांचं कोडं उलगडेना. तेव्हा त्यांनी दादरच्या सोनाराच्या दुकानाचं उदाहरण दिलं. तिथे दोन काचेची दारं असतात. पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही, मधल्या चौकोनात आपण क्षणभर उभे राहतो. तसंच. फक्त तिथे पाणी वर चढतं. आणि आत गेल्यावर लाट नाही, वारा नाही, सगळं बशीतल्या पाण्यासारखं. चाळीस वर्षं त्यांनी लाटांनी बेजार झालेल्या बोटी आत घेतल्या होत्या. आत म्हणजे सुखरूप, हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं.

एका सकाळी त्यांनी मला नारळ आणायला सांगितला. आमच्याकडे काही अडलं की देवाला गाऱ्हाणं घालतात. घरातला मोठा पुरुष नारळ ठेवून देवापुढे उभा राहतो आणि जे हवं ते मोठ्याने, सरळ शब्दांत सांगतो. बाकीच्यांनी दर वाक्याला हुंकार द्यायचा. मनातल्या मनात मागितलेलं चालत नाही. जे तोंडाने निघालं तेच मागणं. गावी देवळासमोर पन्नास माणसं हुंकार देतात. आमच्या हॉलमध्ये मी एकटी होते. बाबा माझ्या खांद्याला धरून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा. आज तुझ्या लेकरान तुझ्यापुढे नारळ ठेवलेलो हा. दर्यात उभी असलेली बोट सुखरूप दरवाजाच्या आत घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले.

त्याच आठवड्यात ओळ बदलली. आधी पेनिंग, मग लॉक्ड इन, म्हणजे दरवाजाच्या आत. बाबांनी मला ते शब्द पुन्हा पुन्हा वाचायला लावले. दुपारी भावाचा फोन आला. पाणी मिळालं होतं, किनाऱ्यावरून वीज जोडून दिली होती, कितीतरी दिवसांनी गरम पाण्याने आंघोळ केली म्हणाला. आवाजात जुनी मस्करी होती. मी खाली जाऊन पेढे आणले आणि मजल्यावर वाटले. शेजारणीने विचारलं, भाऊ येतोय का? मी म्हटलं, आत घेतलाय, आता येईलच. आज ते वाक्य आठवलं की मला माझाच राग येतो, पण तेव्हा आम्हाला तसंच वाटत होतं.

मग कोर्टाचा माणूस बोटीवर गेला आणि ब्रिजच्या, म्हणजे बोट चालवायच्या खोलीच्या, काचेवर कागद चिकटवून आला. मालकाने सगळ्यांना बुडवलं होतं, म्हणून बोट अडकवून ठेवली. कप्तान आजारी पडला, त्याला उतरवलं. खलाशी एकेक करून घरी गेले. पण बोट रिकामी ठेवायची नाही असा तिथला कायदा आहे. कुणीतरी जबाबदार माणूस तिच्यावर हवा. उरलेल्यांत वरचा हुद्दा भावाचा. कोर्टाने त्यालाच राखणदार नेमलं. बोट विकली जाईपर्यंत त्याने तिथेच राहायचं. जुनाट लोखंड, घेणार कोण?

वेबसाइटवर आता नवी ओळ होती : लेड अप. बाबा म्हणाले, म्हणजे काम नसलेली, बाजूला बांधून ठेवलेली. आपल्याकडेही असायच्या अशा, गंजत. असू दे, आत आहे ना? हे ते मला सांगत होते की स्वतःला, मला कळत नव्हतं. पुढे त्यांनी आणखी एक जुना शब्द काढला, नीप्ड. उधाणाच्या मोठ्या भरतीला बोट आत येते, मग भांग लागतो, भरती छोटी होत जाते आणि उंबरठ्यावर पाणी पुरत नाही. बोट अडकते. पुढच्या उधाणापर्यंत वाट बघायची, इलाज नाही. आपली बोट तशी अडकली आहे, म्हणायचे, उधाण आलं की सुटेल. पौर्णिमा-अमावास्येला ते कॅलेंडरकडे बघायचे. मी एकदा चिडून म्हणाले की कोर्टाला उधाण येत नाही, बाबा. त्यांनी कॅलेंडरचं पान उलटलं.

मी काय केलं नाही? फोर्टात एका सरकारी कचेरीत गेले, तिथून दुसरीत पाठवलं, दुसरीतून पुन्हा पहिलीत. सगळे गोड बोलले. मला भांडायला कुणी मिळालंच नाही, हा माझा सगळ्यात मोठा ताप. ओरडावं तर समोरचा साहेब चहा मागवायचा. एकाने कॉम्प्युटरवर तीच वेबसाइट उघडून मला दाखवली आणि विचारलं, "मॅडम, बोट आत सेफ आहे ना?" मी त्याला म्हटलं, बोट सेफ आहे. मग जिना उतरून खाली आले. बॅलार्ड पियरच्या त्या झाडांच्या रस्त्यावर किती वेळ चालत होते कोण जाणे. ऑफिसला अर्धी रजा टाकून गेले होते, ती पूर्ण टाकावी लागली.

भाऊ बदलत गेला. आधी तो सांगायचा की आज काय शिजवलं, धक्क्यावर कुठला पक्षी आला. मग त्याचं सांगणं आटलं. मधेच थांबायचा. फोन कट झाला असं वाटून मी हॅलो हॅलो करायचे, तर म्हणायचा, आहे मी. तिथली वीज कुणीतरी बंद केली होती. दिवसा धक्क्यावर जाऊन एका चहाच्या दुकानात फोन चार्ज करायचा, अंधारायच्या आत परत. परतायलाच हवं, तो राखणदार. एवढ्या मोठ्या बोटीवर एकटा, सगळ्या केबिनची दारं त्याने बंद करून ठेवली होती, कारण वाऱ्याने ती आपटायची आणि त्याला वाटायचं कुणी आहे. हे त्याने हसत सांगितलं. एकदा म्हणाला, ताई, मी डेकवर उभा राहून स्वतःला ऑर्डर देतो आणि स्वतःच येस सर म्हणतो. मी बाबांना हे सांगितलं नाही. पण फोन स्पीकरवर होता.

त्यानंतर बाबांनी पुन्हा नारळ मागवला. आता पाय इतके थरथरत होते की मी त्यांना मागून दोन्ही हातांनी धरलं होतं. त्यांना झील, म्हणजे मुलगा, बघायचा होता, हे ते तोंडाने कधी म्हणाले नाहीत. पण त्याची खोली झाडून ठेव, पंखा पुसून घे, असं रोज सांगायचे. गाऱ्हाणं घालताना मात्र आवाज चढला, दरवाजावर उभं राहून बोटीवरच्या माणसाला हाक मारावी तसा.

"बा देवा म्हाराजा, आत अडाकलेली बोट आता दरवाजाभायर काढ. तुझ्या लेकराक आणखी काय एक नको म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले. इतक्या जोरात, की शेजारणीने दार उघडलं.

नारळ चांगला निघाला. पांढराशुभ्र, गोड. बाबांनी तो कौलच धरला.

आणि ओळ हलली. मी ऑफिसात होते, सवयीने फोन बघितला, तर लेड अप गेलं होतं. त्या जागी वार्पिंग. मी पर्स उचलली आणि साहेबाला सांगून निघाले, काय सांगितलं ते आठवत नाही. घरी येईपर्यंत बाबांना फोन केला नाही, कारण त्यांचा चेहरा मला समोर बघायचा होता. सांगितलं तेव्हा त्यांनी खुर्ची गॅलरीतून आत घ्यायला लावली आणि माझ्यासमोर बसले. दर थोड्या वेळाने मी वाचायचे आणि ते डोळे मिटून सांगायचे. आता दोर खुंटावरून सोडले असतील. पुढे ओढायला टग लावला असेल, मागे एक. इंजिन बंद, म्हणून हळू. आता आतला दरवाजा उघडला. आता मध्ये आली. मागचा बंद केला. पाणी सोडतायत, बोट खाली उतरते आहे, बघ, काठ वर जातो, माणसाला वाटतं आपण विहिरीत चाललो. आता बाहेरचं पाणी आणि आतलं पाणी सारखं झालं. ते बोलत होते आणि त्यांचे हात हवेत दोर सैल सोडत होते. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना असं बघितलं.

लॉक्ड आउट, दरवाजाबाहेर. मी वाचलं आणि त्यांनी डोळे उघडले. मग ते रडले. मीही रडले. मी कोळणीला फोन करून बांगडे सांगून ठेवले, त्याची खोली पुन्हा झाडली, नवी चादर घातली. त्या संध्याकाळी घरात जे वाटत होतं त्याला आनंदच म्हणतात, दुसरा शब्द नाही.

फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. वारा इतका होता की आधी नुसताच आवाज. मी विचारलं, विमान कधीचं? तो म्हणाला की धक्क्यावरची जागा बंदराला दुसऱ्या बोटीसाठी हवी होती. म्हणून टग लावून बोट ओढून बाहेर काढली आणि समुद्रात नांगर टाकून ठेवली. कोर्टाचा कागद तसाच आहे. राखणदारही तोच. आता चहाचं दुकान नाही, धक्का नाही, आठवड्यातून एकदा होडी येऊन पाणी आणि खाणं देणार.

"पण तू उतरलास ना?" मी विचारलं.

"ताई, मी कसा उतरणार? मी बोटीबरोबरच बाहेर आलो."

फोनची बॅटरी जपायची होती, म्हणून त्याने ठेवला. बाबा खुर्चीत होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी काहीतरी बोलायला लागले. पुन्हा कचेरीत जाते, वकील बघते, असलंच काही. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. देव्हाऱ्याकडे बघत होते. बोलले ते माझ्याशी नव्हे.

"दोनय खेपेक मी बोटच मागितलंय. झिलाचा नाव घेवक नाय."

मी म्हटलं, देवाला कळतं, बाबा. त्याला काय शब्द मोजून हवेत का? माझा आवाज चढला होता. असला कसला देव, जो गोदीच्या म्हाताऱ्याच्या बोलण्याची खोड समजून घेत नाही? आयुष्यभर ज्याने बोट आली, बोट गेली एवढंच म्हटलं, त्याने आणखी काय म्हणायचं होतं? बाबा शांतपणे म्हणाले की देवाचं काही चुकलं नाही. आत घे म्हटलं, आत घेतली. बाहेर काढ म्हटलं, बाहेर काढली. दोन्ही वेळा सुखरूप. माणसं बोटीबरोबर असतातच.

बांगडे आले होते. मी ते शेजारणीला देऊन टाकले.

त्या दिवसापासून बाबांनी मला वेबसाइट वाचायला सांगितलेली नाही. गॅलरीत बसतात, पण खुर्ची आतल्या बाजूला तोंड करून. पाण्याच्या पट्टीवरून काही सरकलं तरी बोलत नाहीत. मी आपली ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ती ओळ बघते. अ‍ॅट अँकर. तिचा अर्थ विचारायला कुणाकडे जावं लागत नाही. भावाचा फोन होडी येते त्या दिवशी, तिच्यावर चार्ज झाला की येतो, आणि आता बराच वेळ मीच बोलते. तो ऐकतो की नाही, ते मी विचारत नाही.

गेल्या आठवड्यात मी स्वतः नारळ आणला. आमच्यात बायका गाऱ्हाणं घालत नाहीत, पण बाबा घालणार नव्हते. आता माझ्या तोंडात ते बसायचं नाही, एवढंच म्हणाले. मी ठेवते म्हटल्यावर अडवलं नाही. भिंतीला धरून उठले आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले, हुंकार द्यायला. मी जन्मभर फक्त हुंकारच दिलेला. तरी सुरुवात बरी झाली. बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा. नारळ ठेवलेलो हा. भावाचं नाव घेतलं, वडिलांचं घेतलं, गावाचं घेतलं, काही राहू नये म्हणून.

मग मागायची वेळ आली. त्याला घरी आण, असं ओठांवर आलं आणि मी थांबले. घरी तर शवपेटीतूनही आणतात. त्याला बोटीवरून उतरव. कसाही उतरेल, रात्री एकटा, कठड्यावरून. त्याला सोडव. कशातून? जिवंत आण म्हणावं, तर तो फोनवर असतो तसा गप्प, येऊन गॅलरीत बसेल का बाबांसारखा? प्रत्येक वाक्याला कुठेतरी दार उघडं राहत होतं आणि त्या दारातून काय आत येईल याची मला भीती वाटत होती. मी तशीच उभी राहिले. उदबत्ती संपली.

मागे बाबांचा श्वास ऐकू येत होता. व्हय म्हाराजा म्हणायला ते तोंड उघडून थांबले होते. अजून थांबलेत.